शुक्रवार पेठेतलं मिक्सरचं दुकान: जुलैत एक तारा, आता चार

या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाला मी जुलैत नेटवर एक तारा दिला होता. आता चार दिलेत. मधल्या काळात दुकानात काहीही बदललेलं नाही. माणसं तीच, पाट्या त्याच, वेळेचा घोळही तोच. म्हणून हे जरा सविस्तर लिहायला घेतलं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. एकदा नाव घेऊन लिहून झालंय, तेवढं पुरे. पेठेत राहणाऱ्यांना पाट्यांवरून कळेलच.

बाजीराव रोडवरून आत वळलं की एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. रुंदी जेमतेम सहा फूट. समोर लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर मिक्सर. भांड्याविना, तळ उघडे, पोटातल्या वायरी बाहेर लोंबतायत, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली नंबराची चिठ्ठी. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, हँड ब्लेंडर घेतात. गीझर आणि मायक्रोवेव्ह घेत नाहीत. वेळ सकाळी १० ते १.३०, संध्याकाळी ४.३० ते ८. गुरुवारी बंद.

काउंटरच्या वर तीन पाट्या आहेत, काळ्यावर पांढऱ्या रंगानं हातानं लिहिलेल्या:

‘भांडे धुऊन आणावे. उष्टे भांडे हातात घेतले जाणार नाही.’

‘“कधी होईल?” असे विचारल्याने काम लवकर होत नाही.’

‘महिन्याच्या आत वस्तू न नेल्यास ती आपणांस नको आहे असे समजण्यात येईल.’

हे वाचून आत कोण बसलं असेल असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते साफ चुकतं. आतले गृहस्थ साठीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्म्याची एक काडी वायरनं बांधलेली. आवाज इतका हळू की बाहेरून रिक्षा गेली तर अर्धं वाक्य तिच्याबरोबर जातं. ‘बोला ताई’ म्हणतात आणि मग खरंच ऐकत बसतात. सोबत विशीतला पुतण्या. तो चिठ्ठ्या लिहितो, तपकीर गल्लीतून पार्ट आणतो आणि फोन सांभाळतो.

आमचा मिक्सर ७५० वॉटचा, १४ वर्षं जुना. वरच्या वेगाला टाकला की अडखळायचा, कुशीवर थापटला की पुन्हा चालायचा. काकांनी (माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण मनात मी त्यांना काकाच म्हणते) तो उलटा करून वरचं चक्र, म्हणजे कपलर, बोटानं फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, “कार्बन गेलेत. कपलरचे दातही झिजलेत. साडेचारशे होतील.” दोन दिवसांनी या म्हणाले, सहा दिवस लागले. तीन खेपा झाल्या. बिल त्यांनी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

घरी आणला आणि पहिलंच काम काय काढलं, तर सुक्या खोबऱ्याची चटणी. अर्ध्या मिनिटात जळका वास. स्वयंपाकघरातला दिवा घालवून पाहिलं तर खालच्या फटींतून निळ्या ठिणग्या. मग बंदच पडला. खालचं लाल बटण असतं, ते दहा मिनिटांनी दाबून पाहिलं. तेवढं मला कळतं. चालू झाला, पुन्हा ठिणग्या.

रात्री ११.२० ला पलंगावर पडल्या पडल्या मी फोन घेतला. जे लिहिलं ते जसंच्या तसं देते, कारण लपवण्यात अर्थ नाही:

‘शुद्ध फसवणूक! जुना पार्ट घालून नव्याचे पैसे घेतात. दोन दिवस सांगून सहा दिवस रखडवतात. बिल देत नाहीत, म्हणजे काय ते समजा. पाट्यांवरूनच उद्धटपणा कळतो. चोर आहेत. कुणीही जाऊ नये. एक ताराही जास्त आहे.’

आधी ‘फसवणुक’ असं पडलं होतं. ते माझ्या डोळ्याला खुपलं, म्हणून परत जाऊन मी णु दीर्घ केला. पुढच्या ‘चोर’वर बोट आलं, पण तो शुद्धलेखनाच्या दृष्टीनं बरोबर होता. पाठवलं आणि झोपले. झोप छान लागली, हेही सांगायला हवं.

मी २८ वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. आकडा दिसला की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. दुकानाला तोवर ११ जणांनी मिळून ५२ तारे दिले होते, सरासरी ४.७. माझा एक पडला आणि १२ जणांचे ५३ झाले, सरासरी ४.४. अकरा जणांनी सावकाश बांधलेल्या भिंतीची वीट मी अंथरुणात पडून काढली होती. पण हा हिशेब मी केला तो नंतर.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मिक्सर पिशवीत घालून निघाले. वाटेत भाषण तयार होतं. ग्राहक मंचाचा उल्लेख कुठे करायचा हेही ठरलं होतं. काउंटरपाशी पोचले. काकांनी चष्मा वर केला. “बोला ताई.”

आणि मी म्हणाले, “अहो, जरा बघता का, थोडा वास येतोय.”

अकरा तासांत ‘चोर’चं ‘जरा बघता का’ झालं होतं. तेसुद्धा ‘थोडा’ लावून.

त्यांनी तळाचे चार स्क्रू काढले, बाजूची पितळी चिमटी सैल केली आणि त्यातून कार्बन बाहेर ओढला. करंगळीच्या पेराएवढी काळी कांडी, मागे बारीक स्प्रिंग. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे टोक बघा. सपाट आहे ना? आता हे बघा.” आत मोटरच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचं एक गोल असतं. तेच फिरतं आणि कार्बन त्याच्यावर घासतो. नव्या कार्बनचं टोक सपाट, गोल मात्र गोलच. त्यामुळे सुरुवातीला तो पुरता टेकत नाही, एका कोपऱ्यावर उभा राहतो. तेवढाच कोपरा चकाकत होता, बाकी टोक मातकट. घासून घासून टोकाला त्या गोलाची खोबण पडली की कार्बन ‘बसला’. तोवर ठिणग्या उडणार, वास येणार. चार-पाच वेळा मिक्सर रिकामाच फिरवायचा, मग ताक-बिक, पातळ काहीतरी. सुकं खोबरं सगळ्यात शेवटी.

मग त्यांनी फळीवरून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी काढली. तिच्यावर माझ्याच चिठ्ठीचा नंबर. आतला माझा जुना कार्बन माझ्या तळहातावर ठेवला. झिजून हरभऱ्याएवढा उरलेला, आणि टोकाला नखानं कोरावी तशी गुळगुळीत खोबण. म्हणजे जुना पार्ट आत घातलेला नव्हता. महिनाभर जपून ठेवतात म्हणे, कुणी विचारलं तर दाखवायला. मी विचारलंच नव्हतं. मी थेट लिहिलं होतं.

“मी सांगायला हवं होतं त्या दिवशी,” ते म्हणाले. “गडबडीत राहून जातं.”

हे चाललं असताना पुतण्यानं माझी चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर आडनाव. मग फोन पाहिला. मग मला पाहिलं. माझ्या नावाशेजारी तिथे माझा आणि नातवाचा फोटो आहे, दगडूशेठच्या बाहेर काढलेला, चांगला स्पष्ट. त्यानं फोन पालथा ठेवला आणि आतून स्टूल आणून दिलं. “बसा ना, दहा मिनिटं फिरवून देतो.” दहा मिनिटं मी त्या स्टुलावर कशी बसले ते मला विचारू नका.

पैसे घेतले नाहीत. निघताना काका एवढंच म्हणाले, “ताई, त्या पाट्यांचं मनावर घेऊ नका. आमच्या वडिलांनी लिहिल्यात. ते तोंडानं कुणाला कधी बोलले नाहीत.”

पाट्यांबद्दल मी दुकानात चकार शब्द काढला नव्हता.

घरी येईपर्यंत कान गरम होते. आता इथे माझी भाची येते. ती मानसशास्त्र शिकवते. तिला मी हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले की नेटवर नाव लपवायला मिळतं म्हणून माणसं वाट्टेल ते लिहितात. ती म्हणाली, “मावशी, तू कुठे नाव लपवलंस? फोटोसकट लिहिलंस.” गप्प बसावं लागलं. नंतर तिनं मला वाचायला बरंच पाठवलं. त्यातलं मला पटलेलं आणि न पटलेलं सांगते.

या प्रकाराला अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं, ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट. भाची त्याचं भाषांतर शोधत होती. मी म्हटलं, अगं, भीड चेपणं! आपल्याकडे शब्द आहेच. भीड म्हणजे समोरच्या माणसामुळे जिभेवर पडणारं वजन. त्याला घाबरत असू असं नाही. तो आहे, बघतोय, त्याला काय वाटेल, एवढ्यानंच ते पडतं. सुलर यांनी कारणं सहा सांगितली आहेत. नाव झाकणं हे त्यातलं फक्त एक. समोरचा दिसत नाही, त्याचं उत्तर लगेच येत नाही, वाचताना त्याचा आवाज आपण आपल्याच डोक्यात तयार करतो, अशी बाकीची काही. शेवटचं मला फार लागलं. त्या रात्री पलंगावर माझ्याशी जो दुकानदार बोलत होता त्याचा आवाज खणखणीत उद्धट होता. तो मी पाट्यांवरून बनवलेला होता. खऱ्या माणसाचा आवाज रिक्षातसुद्धा हरवतो.

दुसरा अभ्यास इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातला, २०१२ चा. १४२ जण, म्हणजे ७१ जोड्या. प्रत्येक जोडीनं कॉम्प्युटरवरून एका पेचावर बोलून एकमत करायचं. काहींना एकमेकांची नावं-गावं माहीत, काहींना नाहीत. काही एकमेकांना दिसतायत, काही नाहीत. आणि काहींच्या पडद्यावर फक्त समोरच्याचे डोळे. भांडण आणि शिवराळपणा वाढण्यात सगळ्यात मोठा वाटा डोळे न दिसण्याचा निघाला, नाव झाकण्याचा नव्हे. काकांनी चष्मा वर केला तेव्हा माझं भाषण कुठे गेलं, त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

दक्षिण कोरियानं तर २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख तपासायचा कायदाच केला होता. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो रद्द केला. त्या कायद्यामुळे बेकायदा मजकुरात म्हणावी तशी घट झालेली दिसत नाही, असंही न्यायालयानं म्हटलं. म्हणजे नाव लिहायला लावून भीड परत येते असं नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांची नावं, फ्लॅट नंबर आणि फोन नंबर असतात. पार्किंगचा विषय निघू द्या फक्त. तीच माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत उभी असतात.

न पटलेलं म्हणजे डेन्मार्कचा अभ्यास, आर्हुस विद्यापीठातला. राजकारणावरून नेटवर तुटून पडणारे लोक प्रत्यक्षातही तसेच असतात, असं ते म्हणतात. नेटवर ते अचानक बदलत नाहीत, तिथे ते जास्त लोकांना दिसतात, एवढंच. मी नवऱ्याला म्हटलं, म्हणजे मी मुळातच तशी आहे असं झालं! तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, “त्यासाठी डेन्मार्कला कशाला जायचं?”

थट्टा सोडा, पण मला वाटतं माझ्यासारख्यांचं तिसरंच काहीतरी असतं. आम्ही तोंडावर काही बोलतच नाही. सहा दिवसांत तीन खेपा घातल्या तेव्हा मी तीनही वेळा “काही हरकत नाही हो” म्हणाले होते. हरकत चांगलीच होती. बिल मागायला जीभ उचलली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात तशी गत. ते सगळं गिळलेलं साठत गेलं आणि रात्री ११.२० ला एकदम बाहेर पडलं, व्याजासकट. माझ्या त्या शेऱ्यातली अर्धी तक्रार खरीच होती. उशीर झाला होता, बिल दिलेलं नव्हतं, नवा कार्बन कसा वापरायचा ते सांगितलं नव्हतं. दुकानात उभी असताना हे मी सांगू शकले असते आणि ते काका ऐकून घेणारे आहेत. खोटं होतं ते ‘जुना पार्ट’ आणि ‘चोर’. काउंटरवर हे दोन शब्द तोंडातून निघालेच नसते, कारण काउंटरवर आपलं वाक्य अर्ध्यात तुटतं. समोरचा “थांबा, दाखवतो” म्हणतो, मध्येच कुणी सुटे मागतं, चहा येतो. पलंगावर माझं वाक्य तोडायला कुणी नव्हतं. एकातून दुसरं निघत गेलं आणि शेवटी मी ‘चोर’पर्यंत पोचले.

आणि हे सगळं मोबाइलनं आणलं, असंही मला म्हणता येत नाही. बँकेत आमचे एक पेन्शनर होते. मॅनेजरसाहेबांना दर दोन-तीन महिन्यांनी तक्रारीचं पत्र. मोत्यासारखं अक्षर, खाली सही, आणि मजकूर असा: ‘काउंटर क्रमांक तीनवरील महिला कर्मचारी कमालीची मंद व बेफिकीर असून…’ काउंटर तीनवर मीच असायचे. एक तारखेला हेच गृहस्थ पेन्शन काढायला यायचे आणि नोटा मोजताना विचारायचे, “गुडघा कसा आहे आता? तिळाचं तेल लावताय ना?” साहेब मला पत्र दाखवायचे आणि आम्ही दोघं बुचकळ्यात पडायचो की खरा माणूस यातला कुठला. आता वाटतं, दोन्ही. पत्र लिहिताना काउंटर तीन म्हणजे नुसता आकडा होता. गुडघा समोर आल्यावर दिसायचा.

पुणेरी पाट्याही त्याच घरातल्या. काकांच्या वडिलांनी ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या ती गिऱ्हाइकं पाटी रंगवताना समोर नव्हती. नजरेपुढे होती ती फक्त त्या आठवड्यातली उष्टी भांडी. मीही दुकानाबद्दल लिहिलं ते दुकानदार समोर नसताना. फरक इतकाच की त्यांची पाटी त्यांच्याच भिंतीवर आहे. माझी मी त्यांच्या दारावर लावली होती.

भाचीनं पाठवलेली एक गोष्ट राहिली. बोस्टन विद्यापीठातल्या काही जणांनी २०१५ मध्ये एअरबीएनबी या मुक्कामाला भाड्यानं घरं मिळणाऱ्या संकेतस्थळावरच्या घरांच्या ताऱ्यांची सरासरी काढली, ती ४.७ निघाली. ट्रिपअॅडव्हायझरवर हॉटेलांची ३.८. आता एअरबीएनबीवर घरमालकही पाहुण्याबद्दल लिहितो, त्यामुळे धाक असणारच. पण ज्याच्या हातून किल्ली घेतली, ज्यानं चहा कुठे मिळतो ते दाखवलं, त्याला एक तारा देताना बोट अडत असेल, असं मला तरी वाटतं. काउंटर तीनचा अनुभव आहे.

तर आता दुकानाबद्दल. काम उत्तम. ऑगस्टपासून मिक्सर तक्रार न करता चाललाय, गौरी-गणपतीचं सगळं वाटण त्यावर झालं. भाव वाजवी. जे बिघडलं नाही ते बदलायला सांगत नाहीत. मी भांड्याचं पातंही बदलायला निघाले होते, त्यांनीच “अजून दोन वर्षं जाईल” म्हणून परत दिलं. सांगितलेल्या दिवशी काम होईल या भरवशावर घरी पाहुणे बोलावू नका. दुप्पट दिवस धरा, तिप्पट झाले तर फोन करा, पुतण्या उचलतो आणि खरं सांगतो.

बिलाचं म्हणाल तर गेल्या आठवड्यात इस्त्रीची वायर बदलायला गेले तेव्हा मागितलं. तोंडानं, त्यांच्याकडे बघून. छाती थोडी धडधडत होती, या वयात. काका म्हणाले, “हो की,” आणि इकडेतिकडे कागद शोधायला लागले. शेवटी कालनिर्णयच्या गेलेल्या महिन्याच्या पानामागे लिहून दिलं: इस्त्री वायर, १८० रुपये, तारीख, सही. पक्कं बिल नाहीच ते. म्हणून पाचवा तारा ठेवून घेतलाय. माझ्या हिशेबानं ५२ आणि ४ म्हणजे ५६, भागिले १२, सरासरी परत ४.७.

जुना मजकूर काढला. आता तिथे तीन ओळी आहेत आणि नाव माझंच आहे.

जाताना भांडं बरोबर न्या, नुसतं मशीन नेऊ नका. पुष्कळदा बिघाड भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा जिच्यात फिरतो त्या बुशमध्ये असतो आणि परत हेलपाटा पडतो. आणि धुऊन न्या.